हैबतीचा तास आणि चूळभर पाणी

एका गावात एक तळं होतं, असं सांगायची रीत आहे. बांधवाडीचं मात्र उलटं होतं. तळं वर होतं आणि गाव त्याच्या पायाशी. मध्ये होता मातीचा लांबलचक बांध. बांध धड तर गाव धड, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून बांधावर रात्रंदिवस पहारा असे. बांधाचे टप्पे पाडले होते, दर टप्प्याला एक चौकी आणि चौकीत एक राखणदार. इकडे गावात, चावडीच्या माडीवर, हैबती नावाचा माणूस वेळ मोजायचा. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं घंगाळ असायचं. त्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगायची. भोकातून पाणी शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटका झाली. मग हैबती काशाच्या जाड तासावर, म्हणजे टांगलेल्या थाळीसारख्या घंटेवर, मोगरीने टोला द्यायचा. टोला ऐकला की राखणदार आपला टप्पा चालून पाहायचे, कुठे पाझर नाही ना याची खात्री करायचे, आणि चौकीवर परतून शिंग फुंकायचे. शिंग वाजलं म्हणजे सगळं ठीक.

माडीखाली नगारा घेऊन भुजाबा बसायचा. त्याला एकच नेम घालून दिला होता. एका टोल्यापासून पुढच्या टोल्यापर्यंत सगळ्या चौक्यांची शिंगं कानावर आली पाहिजेत. एखादं राहिलं, तर नगारा बडवायचा. का राहिलं, हे विचारत बसायचं नाही. भुजाबा कधी विचारत बसला नाही, आणि गाव त्याच्याच भरवशावर निवांत झोपायचं.

हैबती कामाचा चोख, पण भारी उतावळा. मेथी पेरली की दुसऱ्याच दिवशी माती उकरून कोंब आला का ते बघायचा. शेवटी त्याच्या बायकोने, कोंडाबाईने, परसात मेथी लावणंच सोडून दिलं.

एका भाद्रपदात आभाळ दिवसच्या दिवस झाकलेलं राहिलं. सूर्य दिसेना, त्यामुळे वेळ ताडून पाहता येईना. त्यातच वाटीचं भोक गाळाने बारीक झालं. वाटी उशिरा बुडू लागली, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एके दिवशी लख्ख ऊन पडलं. हैबतीने माडीवरून देवळाच्या दीपमाळेकडे पाहिलं. सावली पूर्वेकडे चांगलीच कलली होती. दुपार कधीच टळली होती, आणि त्याचा दुपारचा टोला अजून व्हायचा होता.

आता त्याला उलगडा झाला. दिवस मावळायच्या आत बांधाची एक बारीक तपासणी होत असे. हल्ली राखणदार कुरकुरत होते की, तपासणीच्या वेळी अंधारच फार असतो. अंधारात खेकड्याचं बीळ दिसत नाही, आणि तळं तर काठोकाठ भरलेलं.

हैबतीने भोक काडीने साफ केलं. पण मागे पडलेल्या घटकांचं काय? त्याला दम कुठला! त्याने मोगरी उचलली आणि राहिलेले टोले एकापाठोपाठ एक द्यायला सुरुवात केली.

खाली भुजाबाने एक टोला ऐकला. लगेच दुसरा ऐकला. मध्ये एकही शिंग नाही. येणार कसं? राखणदार अजून टप्प्याच्या मध्यावरसुद्धा पोचले नव्हते. भुजाबाने नगारा बडवला.

मग काय गोंधळ! चुलीवरच्या भाकऱ्या करपल्या. बारशाचा पाळणा अर्ध्यातच थांबला. आया लेकरांना काखोटीला मारून टेकडीकडे धावल्या, बाप्ये पाट्या-कुदळी घेऊन बांधावर. पाहतात तर बांध जागच्या जागी. तिसऱ्या चौकीची गिरजाक्का चिखलात उभी राहून ओरडली, "अरं, माझी फेरी तरी पुरी होऊ द्यायची! मी काय उडत येनार व्हते?"

या धावपळीत हैबतीची वाटी बुडून तशीच पडून राहिली. ती कुणी उचलली नाही. जेवढी वेळ पुढे आली होती, त्याहून जास्त मागे गेली.

पाटलांनी हैबतीला बोलावून घेतलं. "येळ सुधारायलाच पायजे," ते म्हणाले. "उद्या भुजाबाला गप बसव, आन् काय ठोकायचं ते ठोकून घे. पर पुन्हा खोटा नगारा वाजला, तर त्याच्या फुडं लोक घरातनं हलायचे न्हाईत. मग तास खाली उतरवीन, आन् तुलाबी."

हैबतीला ही युक्ती पसंत पडली. एका दमात काम मोकळं! तो तडक भुजाबाकडे गेला. भुजाबाने सगळं ऐकून घेतलं.

"बसतो की गप," तो म्हणाला. "पर माझ्याबरुबर तळंबी गप बसंल, ह्ये तू तळ्याला सांगून आलास का?"

हैबती माघारी फिरला. काम एका झटक्यात उरकायचा मोह सुटत नव्हता, आणि भुजाबाचा सवाल मनातून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी वाटी कोंडाबाईच्या हवाली करून तो बांधावर गेला. इतकी वर्षं त्याने टोले दिले होते, पण टोला ऐकून माणूस काय करतो ते कधी पाहिलं नव्हतं. गिरजाक्काच्या मागोमाग तो तिचा टप्पा चालला. ती चालता चालता वाकायची, गवत बाजूला सारायची, ओल हाताने चाचपायची. फेरी संपवून तिने शिंग फुंकलं आणि जरा टेकली, तोच पुढचा टोला पडला. हैबतीला मनापासून लाज वाटली.

"अक्का, थोडं भराभर चालता यील का?" त्याने विचारलं.

"थोडं यील की. पर थोडंच. आन् आधी सांगून."

माडीवर परतल्यावर त्याने बुडालेली वाटी उचलली. मनात विचार घोळत होते, त्यामुळे वाटी नीट झटकायची राहिली. तळाशी थोडं पाणी तसंच होतं. या खेपेला वाटी नेहमीपेक्षा जराशी लवकर बुडाली. हैबती तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पुढच्या खेपेला मुद्दाम चूळभर पाणी आत ठेवून वाटी सोडली. घटका आखूड झाली, पण इतकीच की गिरजाक्का जरा पाय उचलून चालली तर तिला पुरावी.

पण प्रत्येक खेपेला तसं करायला तो लगेच धजला नाही. आधी तो चौकी चौकीवर गेला. भुजाबाला सांगितलं. मग दारोदार फिरला. "काही दिस घटका जरा आखूड व्हतील. राखनदारांस्नी ठावं हाय. नगारा चालूच ऱ्हानार. वाजलाच, तर खरा समजून धावा."

मग चूळभर पाण्याचा कारभार सुरू झाला. मागे पडलेल्या घटका तसूतसूने भरून निघू लागल्या. हैबतीचे हात शिवशिवायचे. अजून थोडं पाणी ओतलं तर? कोंडाबाई जेवण घेऊन यायची ती त्याच्या हाताकडे बघतच. "मेथी आठवती न्हवं?" एवढंच म्हणायची. तो हात मागे घ्यायचा.

एका संध्याकाळी उजेड असतानाच तपासणीचा टोला झाला. शिंगं येऊ लागली. पहिल्या चौकीचं आलं, दुसरीचं आलं, चौथीचंही आलं. तिसरीचं आलं नाही. वाटी बुडत आली. हैबतीचा जीव खालीवर झाला. माझ्याच घाईने तर नाही? वाटी बुडाली. त्याने टोला दिला, आणि खाली नगारा वाजू लागला.

क्षणभर गल्लीत कुणी दिसेना. मग पाटीलच पाटी घेऊन बाहेर पडले. त्यांच्यामागे एकेक दार उघडलं, आणि सगळा गाव बांधावर धावला.

तिसऱ्या टप्प्यावर बांध खचला होता. गिरजाक्का गुडघाभर चिखलात उभी राहून एकटीच दगडमाती लोटत होती. शिंग चौकीत खुंटीवर होतं. माणसं साखळी करून उभी राहिली, पाट्या हातोहात पुढे सरकल्या, आणि दिवस मावळायच्या आत पाझर बुजला.

"उजेड व्हता म्हनून दिसलं," गिरजाक्का धापा टाकत म्हणाली. "शिंग फुंकाया गेले असते, तर तवर बांध गेला असता. पर मला ठावं व्हतं. माझं शिंग न्हाई वाजलं, म्हंजी भुजाबा वाजनारच."

हैबतीने भुजाबाकडे पाहिलं. याच भुजाबाला गप्प बसवायला आपण निघालो होतो, हे त्याच्या मनात आलं.

पुढे एका दुपारी दीपमाळेची सावली आखूड होऊन पायाशी आली आणि त्याच वेळी वाटी बुडाली. हैबतीने दुपारचा टोला दिला. सगळी शिंगं ओळीने आली. कुणीतरी काही म्हणेल म्हणून त्याने वाट पाहिली. पाटील ओसरीवर घोरत होते, बाया धुणी वाळत घालत होत्या. भुजाबाने खालून विचारलं, "का रं, आज काय इशेष?"

"काय न्हाई," हैबती म्हणाला आणि मनमोकळं हसला. त्या दिवसापासून त्याने वाटी पार कोरडी करून सोडायला सुरुवात केली. घरी जाताना मेथीचं बी घेतलं, परसात पेरलं, आणि हिरवे कोंब वर येईपर्यंत तिकडे फिरकला नाही.

तात्पर्य: चूक सुधारायलाच हवी, पण ज्यांचा जीव तिच्यावर अवलंबून आहे त्यांना आधी सांगून, त्यांना झेपेल एवढी थोडी थोडी, आणि पहारा एक घटकाही न थांबवता.