धामणखिंडीची घागर

धामणखिंडीची ग्रामसभा कधीच वेळेवर सुरू होत नाही. नोटिशीवर सकाळची वेळ असते, तालुक्याचे साहेब लोक वेळेवर येऊन खुर्च्यांवर बसतात, चहा होतो, दोनदोनदा घड्याळात बघून होतं, आणि सरपंचांचा पत्ता नसतो. मग दारातलं कुणीतरी म्हणतं, "आले, आले." सरपंच येतात ते घामाने निथळत, अनवाणी, खांद्यावर पितळेची भरलेली घागर घेऊन. ती घागर टेबलाशेजारी ठेवली, की मगच पहिला ठराव वाचला जातो. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी देवाधर्माचं असणार. देवाचा त्यात काही संबंध नाही. गावाला एका गोष्टीची लाज वाटते आणि ती अजून गेलेली नाही, एवढंच.

कुणी फारच खोदून विचारलं, तर गावातले सावळारामतात्या पाहुण्याला घळीच्या वाटेवर घेऊन जातात. गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर टेकवाडी आहे. वाडीच्या पलीकडे एकदम खोल घळ, आणि घळीच्या तळाला झरा. त्या उतारावर, निम्म्या वाटेत, एक काळा बसका कातळ आहे. ऐन वैशाखात आजूबाजूचं गवत करपून गेलेलं असतानाही त्याच्यावर हात ठेवला, तर ओल लागते. त्याला भिवरेचा बसा, म्हणजे टेकायची जागा, म्हणतात. तात्या त्याच्यावर बसत नाहीत आणि पाहुण्यालाही बसू देत नाहीत. शेजारच्या धोंड्यावर टेकतात, दम खातात आणि सांगायला लागतात.

गोष्ट सुभानजी पाटलाच्या वेळची, असं सांगतात. सुभानजी काही वाईट माणूस नव्हता. हे तात्या आवर्जून आधी सांगतात, कारण वाईट माणसाची लाज गावाने इतकी वर्षं वाहिली नसती. चावडीवर त्याचा शब्द खाली पडत नसे. भांडण मिटवावं तर त्याने, बांध ठरवावा तर त्याने. आणि ठरवायची गावाची एक जुनी रीत होती. एखादी जागा लांब की जवळ, असा वाद निघाला, की दवंडीवाल्याला तिथे उभं करायचं आणि हाक मारायला लावायची. हाक ऐकू आली तर जागा हाकेवर आहे, म्हणजे जवळ आहे. नाही आली तर लांब. गुरांचा गोठा, मळणीचं खळं, स्मशानाची जागा, सगळं या हाकेवर ठरलेलं. कुणाचं पाऊल कधी मोजलं नव्हतं.

एका वर्षी पावसाने दडी मारली आणि वेशीजवळची विहीर तळाला गेली. विहिरीवर गावातल्या बायकांची भांडणं सुरू झाली. टेकवाडीच्या बायकाही तिथेच पाणी भरत, कारण वाडीपासून विहिरीपर्यंत सोपी, सरळ पायवाट होती. चावडी भरली. कुणीतरी म्हणालं, टेकवाडीला त्यांचा स्वतःचा झरा आहे की, घळीत. त्यांनी विहिरीवर कशाला यावं? माना डोलल्या. सुभानजीने रीतीप्रमाणे दवंडीवाल्याला घळीत पिटाळलं आणि स्वतः वाडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. खालून हाक आली, ती अगदी कानाशी मारल्यासारखी. घळच ती. वर येणारा आवाज अडवायला तिथे काही नाही.

"हाकेवरच हाय की," पाटील परत येऊन म्हणाला. "विहीर गावाला आन् झरा वाडीला."

येसबा नावाचा एक म्हातारा पंच होता. तो हळूच म्हणाला, "वाडीवाल्यास्नी बलवायचं का एकदा?"

"त्यास्नी कळवलं म्हंजी झालं," पाटील म्हणाला, आणि चावडी उठली. दवंडी पिटली गेली. टेकवाडीने ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून वाडीच्या बायका घळीत उतरायला लागल्या. तक्रार कुणी केली नाही. पाटलाला याचंही बरं वाटलं, असं म्हणतात.

पुढे वैशाखात एकदा सुभानजी वरच्या कुरणाची हद्द बघून घोडीवरून परतत होता. ऊन असं, की घोडीसुद्धा मान टाकून चालत होती. टेकवाडीच्या पहिल्याच घरापाशी तो उतरला. दारात एक म्हातारी धान्य पाखडत होती.

"म्हातारे, पानी आन जरा," तो म्हणाला.

ती लगबगीने उठली. पाटील आपल्या दारात आलाय, याचा तिला कोण आनंद झाला होता. "बसा पाटील, सावलीला बसा," म्हणत तिने घोंगडी टाकली आणि आतून घागर उचलून आणली. लोटाबिटा नाही, घागरच. पाहुण्यापुढे हात आखडता घ्यायची त्या वाडीत रीत नव्हती. सुभानजीने आधी चूळ भरली, खळखळून, एकदा आणि दोनदा. मग तोंड धुतलं, पोटभर प्याला. पायांवर पाणी घेतलं, टाचा घासल्या, गार वाटलं म्हणून पुन्हा घेतलं. उरलेलं घोडीच्या तोंडावर मारलं. घोडीने फुरफुर केली, तसा तो हसला. म्हातारीही हसली. त्याच्या हातातून तिने रिकामी घागर घेतली.

तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला. "भिवरे, पानी दे गं."

"आनते हं, आत्ता आनते," ती म्हणाली, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून घळीच्या बाजूला चालू लागली. पाटलाला काही बोलली नाही. वळून बघितलंसुद्धा नाही, म्हणे.

पाटील घोंगडीवर बसून राहिला. त्याला वाटलं, झरा हाकेवर तर आहे, येईलच एवढ्यात. आतून पुन्हा आवाज आला, "भिवरे, घसा सुकला गं." सुभानजी उठून आत गेला. अंधारात तिचा नवरा हैबती पडला होता, तापाने फणफणलेला, डोळ्यांवरचा ओला फडकाही वाळून कडक झालेला. पाटलाने कोपऱ्यातल्या रांजणात हात घातला. हात थेट तळाला लागला. कोरडा. दुसरं भांडं शोधलं, तेही कोरडं. घरातलं सगळं पाणी अंगणातल्या मातीत होतं, त्याच्या पायांभोवतीच्या ओल्या डागात, आणि तो डागही वाळत आला होता. असं सांगतात, की सुभानजी पाटील त्या क्षणी मनात एवढंच म्हणाला, हे कुणी बघितलं नाही ना?

त्या विचाराची लाज त्याला मरेपर्यंत पुरली.

तो घळीच्या कडेला गेला आणि ओरडला, "ए म्हातारेऽऽ!"

"आले, आले!" खालून उत्तर आलं. इतकं जवळून आलं, की आता वळणावर दिसेल असं वाटावं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो परत येऊन बसला. बराच वेळ गेला. घराची सावली अंगणात लांब झाली. आतला आवाज बंद पडला होता, नुसती धाप ऐकू येत होती. तो पुन्हा कडेला गेला. या वेळी त्याने नावाने हाक मारली. नाव त्याला आतल्या माणसाकडून कळलं होतं.

"भिवराबाईऽऽ!"

हाक घळीत गेली, समोरच्या कड्यावर आपटली आणि स्वच्छ त्याच्या कानाशी परत आली. बाकी काही आलं नाही.

मग पाटील उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेने उतरला. वाट कसली, निसरडी मुरमाड घसरण. जोड्याचा तळ सुटला म्हणून त्याने जोडे काढून टाकले. काटे लागले, गुडघा फुटला. एक वळण झालं की दुसरं, आणि झऱ्याचा आवाज तर कधीचा ऐकू येत होता. निम्म्या वाटेत भिवरा त्याला भेटली. काळ्या कातळावर बसली होती, पाठ दरडीला टेकून, वर वाडीकडे तोंड करून. भरलेली घागर मांडीवर होती आणि दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला होता. त्याला वाटलं, दम खातेय. त्याने हाक मारली, खांद्याला हात लावला. भिवरा गेली होती. घागरीतलं पाणी मात्र काठोकाठ होतं. एक थेंब सांडला नव्हता, असं म्हणतात.

रडायलाही त्याला सवड नव्हती, कारण वर माणूस तहानेने तळमळत होता. तिच्या हातातून त्याने घागर सोडवून घेतली. ती खांद्यावर घेऊन तो चढला. चार पावलं चढावं, थांबावं, पुन्हा चढावं. पाणी अंगावर हिंदकळे, तसतसं त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

हैबतीचं डोकं मांडीवर घेऊन त्याने पाणी पाजलं. हैबतीने डोळे उघडले नाहीत. अर्धवट शुद्धीत त्याने चाचपून पाटलाचा हात धरला आणि कुरवाळला.

"लई येळ लागला गं आज," तो म्हणाला. "दमलीस व्हय?"

सुभानजी पाटलाने त्याला आणखी एक घोट पाजला. हात त्याने तसाच राहू दिला.

वाडीने भिवरेला वर आणलं, अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी पाटलाने चावडी बोलावली. पंच जमले, गाव जमलं, या वेळी टेकवाडीही जमली. पाटीलच येईना. उन्हं चढल्यावर तो वाडीच्या वाटेने येताना दिसला. अनवाणी, डोक्याला पागोटं नाही, खांद्यावर भिवरेची घागर. तो पहाटे घळीत उतरला होता आणि झऱ्यापासून चालत आला होता. घागर त्याने चावडीच्या मधोमध ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं. चूळ सांगितली, टाचा सांगितल्या, घोडीच्या तोंडावर मारलेलं पाणी सांगितलं. मनात काय आलं होतं, तेही सांगितलं. लोकांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी डोलावलेल्या माना त्याच होत्या.

एक पंच चाचरत म्हणाला, "पाटील, तिचं वय झालं हुतं. ऊन बी लई हुतं."

"ऊन म्या न्हाई पाडलं," पाटील म्हणाला. "झरा हाकेवर हाय, हे म्या ठरिवलं. तुमी समद्यांनी ऐकलं."

विहीर त्याच दिवशी वाडीला मोकळी झाली. हाकेची रीत मोडली. यापुढे गावाचं काही ठरवायचं असेल, तर ठरवणाऱ्याने आधी ही घागर घळीतून चावडीपर्यंत आणायची, असा ठराव झाला.

तेव्हा येसबाला पाटलाची दशा बघवेना. ओठ फुटले होते, पायांतून रक्त येत होतं. म्हाताऱ्याने त्याच घागरीतून लोटा भरला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या पाटील, घोटभर घ्या."

सुभानजीने हात जोडले. "माझं पिऊन झालंय," तो म्हणाला.

हैबती बरा झाला. पाटील रोज त्याच्या दाराशी पाणी नेऊन ठेवी. हैबतीला सगळं कळलं होतं, पण तो त्याला कधी वाकडा शब्द बोलला नाही. "बसा पाटील," एवढंच म्हणे आणि घोंगडी टाके. पाटील त्या घोंगडीवर कधी बसला नाही.

तात्या इथे थांबतात, कातळाला हात लावून तो कपाळाला लावतात आणि पाहुण्याला सभेला परत घेऊन येतात.

आता गावात नळ आला आहे, टेकवाडीतही आला आहे. घळीतून पाणी भरायची कुणाला गरज नाही. तरी आजही सरपंच, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, बाई असो की बाप्या, घागर घेऊन घळीत उतरतो. रस्ता कुठून न्यायचा, शाळेची खोली कुठे बांधायची, दवाखाना कुठल्या वस्तीत, असल्या एकेका ठरावाआधी त्या घागरीतलं पाणी सगळ्यांना वाटतात, आधी टेकवाडीला. आलेले साहेबही पितात आणि पाणी गोड आहे म्हणतात. शेवटी वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई उठते, लोटा भरते आणि घामाने भिजलेल्या सरपंचापुढे धरते.

सरपंच हात जोडतो. मान खाली घालून म्हणतो, "माझं पिऊन झालंय."