बाईंचा रोजचा उशीर

विषय : प्रौढ विद्यार्थ्यांचा ऑनलाइन वर्ग टिकवण्याची पद्धत शिकवणेबाबत.

संदर्भ : श्री. पराग हिरेमठ यांनी इंदुमतीबाई शेवाळे यांच्या कऱ्हाडच्या घरी समक्ष येऊन केलेला तोंडी अर्ज.

"पण तुमची माणसं पळून कशी जात नाहीत, बाई?"

हिरेमठांनी हे चहा यायच्या आधीच विचारले.

बाई पूर्वी रात्रशाळेत शिकवत. आता शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांना फोनवरून दहावीला बसवतात. हजेरी मी घेतो. सेवानिवृत्त कारकुनाला कुणी हजेरी घ्यायला सांगावी, हे भाग्य थोडे नाही. मी बाईंचा ऋणी आहे.

हिरेमठही एका संस्थेसाठी असाच वर्ग चालवत. त्यांच्याकडे रंगीत चित्रफिती होत्या. बरोबर उत्तराला चांदणी, चांदण्या साठल्या की मुकुट. पन्नाशीच्या बाप्यांना मुकुट.

"आता किती उरलेत?" बाईंनी विचारले.

"चार... महिनाअखेर संस्था वर्ग बंद करतेय. त्या चौघांना दुसरा वर्ग नाही. त्यांचं वर्ष जाईल."

"चौघं कशी आहेत?"

"नियमित आहेत."

"तसं नाही. कशी आहेत?"

हिरेमठांनी चहा घेतला.

वर्गाची वेळ झाली. मी माझा फोन लावून टेबलावर ठेवला. माझा आवाज बंद, वर्गाचा सुरू. बाईंचा फोन त्यांच्या मांडीवर पालथा.

"बाई, वेळ झाली," हिरेमठ म्हणाले.

"हो."

"तुम्ही वर्गात आत गेला नाहीत."

"नाही."

असा उशीर माझ्या कचेरीत फक्त साहेब करत. पण ते कुठे असत, हे कुणालाच ठाऊक नसे. बाई इथेच बसलेल्या असतात.

फोनमधून पोळपाटाचा आवाज आला. फरीदाभाभी. त्या डबे करून देतात.

"खोचरेमामा, बाईंना सांगा, मी उद्यापासून यायची नाही. माझ्या डोक्यात काही राहत नाही."

खोचरे साखर कारखान्याच्या फाटकावर पहारा करतात.

"असं कसं भाभी? मग मला बीजगणित कोण सांगणार? बाई सांगायला लागल्या की मला झोप येते."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू बाहेर पडू नये म्हणून.

"आता ते कंसाचा वर्ग तेवढं सांगा आणि मग जा," खोचरे म्हणाले. "अ अधिक ब, त्याचा वर्ग."

"ते होय? सोपं आहे. अचा वर्ग, बचा वर्ग, करा बेरीज."

हिरेमठ ताडकन उठले. "चूक! चुकीचं सांगतायत!" त्यांचा हात फोनकडे गेला.

बाईंनी फोनवर स्वतःचा तळहात ठेवला.

"बाई, ते चुकीचं शिकतील."

"बसा."

...

"भाभी, जुळंना," फोनमधून खोचरे म्हणाले. "अला दोन धरलं, बला तीन. झाले पाच. पाचाचा वर्ग पंचवीस. तुमच्या रीतीनं चार आणि नऊ, तेराच होतात. बारा गेले कुठं?"

पोळपाट थांबला.

...

हिरेमठांचे ओठ हलत होते. बाईंचा हात तसाच होता.

"मधलं राहिलं!" भाभी ओरडल्या. "दोन अ ब! दोन दुणे चार, चार त्रिक बारा!"

"आलं की वो! आणि म्हणे डोक्यात राहत नाही."

"उपकार झाले मामा. तुम्ही अडलात म्हणून मला सापडलं. उद्या वही घेऊन बसा, पुढचं मी सांगते."

आता बाईंनी फोन सुलटा केला आणि वर्गात आत गेल्या.

"उशीर झाला, माफ करा."

"रोजचंच आहे," खोचरे म्हणाले. "या."

हिरेमठ खाली बसले. आवाज उतरला होता.

"मला या वर्गात घ्या, बाई. सहायक म्हणून. काहीही म्हणून."

"प्रवेश मी देत नाही. वर्ग देतो." बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "मंडळी, हिरेमठ सर आहेत. आत यायचं म्हणतात."

"यांना काय येत नाही?" खोचरेंनी विचारले.

"म्हणजे?"

"इथं तेच विचारतात सर. मला बीजगणित येत नव्हतं. भाभींना इंग्रजी. तुमचं काय?"

हिरेमठांकडे तीन प्रमाणपत्रे होती. त्यांतले एकही या कामाचे नव्हते.

"...माझा वर्ग का रिकामा झाला, ते मला कळत नाही."



"त्यांना विचारलंत का?" भाभी म्हणाल्या.

"नाही... वर्गात आले की मी सगळ्यांचे माइक बंद करतो. शिस्तीसाठी."

आधी खोचरे हसले, मग भाभी, मग मला अजून आवाजावरून न ओळखू येणारे कुणीतरी. शेवटी हिरेमठही. डोळे पुसेपर्यंत हसले.

मग ते उठले आणि त्यांनी नमस्कार केला. बाईंना नव्हे, फोनला.

"निघतो. माझी चौघं वाट बघत असतील."

दारात थबकले.

"बाई, माझ्या प्रवेशाचं काय?"

"अर्ज वर्गापुढे आहे. निर्णय अजून व्हायचाय."