गोरखचिंचेचं वय

तुमच्या खापरपणजोबांच्याही आधीपासून जे झाड उभं आहे, त्याच्याकडेच तुम्ही जन्माचा पुरावा मागता आणि वर स्वतःला शहाणे म्हणवता!

असेच एक शहाणे आंबेखोलात आले होते. नव्या रस्त्याच्या आड गावातली गोरखचिंच येत होती. शंभर वर्षांहून जुनं झाड तोडायचं नाही असा नियम, म्हणून तिचं वय ठरवायला सरकारने वनस्पतितज्ज्ञ दिघेसाहेबांना पाठवलं. नावापुढे चार पदव्या, पण झाडाकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

“आठ माणसांच्या कवेत मावत नाही हो हे खोड,” सरपंच हौसाबाई म्हणाल्या.

“जाडी म्हणजे पुरावा नव्हे, बाई. खोड आडवं कापायचं आणि आतली वर्तुळं मोजायची. शंभरच्या वर भरली, तर झाड वाचलं!” साहेबांनी गावातल्याच करवतवाल्याला खूण केली.

हौसाबाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“साहेब, तुमच्या डोक्यात ज्ञान आहे, हे आम्ही डोकं न फोडताच मान्य केलं. तेवढाच मान या झाडाला द्या.”

करवतवाल्याने करवत खाली ठेवली.

“न फोडता मान्य केलं, तिथंच तर आपलं चुकलं, आक्का,” तो म्हणाला.