पंख भरेपर्यंत

नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. दावं तोडून पळालेली चांदी शेळी आणि पिंजऱ्यातून निसटलेला, पंख छाटलेला राघू केळीच्या खोडांच्या तराफ्यावर बसून नदीतून वाहत चालले होते. राघू चांदीच्या पाठीवर बसून अखंड बडबडायचा, म्हणून तिला पाण्याची भीती वाटत नसे.

हळूहळू राघूला नवे पंख फुटले. "शेळीताई, भरले का गं पंख?" तो रोज विचारायचा.

"अजून कच्चे आहेत रे," चांदी म्हणायची. एकटीनं वाहत जायची तिला भीती वाटायची.

एके सकाळी डोक्यावरून पोपटांचा थवा गेला. थवा दिसेनासा होईपर्यंत राघू मान वर करून बघत राहिला. चांदीला आपला खुंटा आठवला.

"राघू, पंख केव्हाच भरलेत," ती खालमानेनं म्हणाली. "मीच खोटं बोलले."

राघूनं पंख पसरले आणि तो उडून गेला.

दिवस कलता कलता चांदीच्या पाठीवर ओळखीची नखं टेकली आणि तिच्यासमोर बाभळीची शेंग पडली.

"रागावलास ना रे?"

"रागावलो तर! पण ताई, आजवर मी इथं होतो, कारण जाता येत नव्हतं. आज आलोय."