उरलेली पाटी

“...पण मग पाट्या काढल्याच कशाला, महाराज?”

महाराजांच्या खोलीत मी कॉलेजचा हिशेब लिहीत बसलो होतो. समोर उभ्या धैर्यशीलच्या खांद्यावर बॅग होती. संध्याकाळच्या एसटीनं तो घरी निघाला होता, कायमचा.

टेकडीवरच्या मठाचं एक लहानसं कॉलेज आहे. पहिल्या वर्षाची मुलं विमलानंद महाराजांच्या हवाली असतात. नवी मुलं यायच्या आदल्या दिवशी महाराज स्वतः शिडीवर चढतात आणि झाडून सगळ्या खोल्यांच्या पाट्या उतरवतात. पहिला आठवडा कॉलेज बिनपाट्यांचं. नव्यांना रुळायला बरं पडतं म्हणे.

“तालुक्यात पहिला आलोय मी,” धैर्यशील म्हणाला. “आणि इथं मला ग्रंथालय सापडत नाही. परवा भलत्याच वर्गात जाऊन बसलो. सगळे हसले.”

“कुणाला विचारलं नाहीस?”

धैर्यशीलनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सरकवला.

“पाणी कुठलं पितोस?”

“...न्हाणीघरातल्या नळाचं.”

“अरे देवा! स्वयंपाकघरामागं माठ भरलेत, वाळा घातलेले.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“खरंय...”

इतक्या माणसांत आठवडाभर एकटं राहणं सोपं नसतं, आणि हुशार मुलाला तर ते कबूलही करता येत नाही. मला त्याची फार दया आली.

महाराजांनी कोपऱ्यातलं पोतं पुढं ओढलं. आत पाट्या होत्या.

“आठवडा संपला. जाता जाता एवढ्या लावून जा.”

“पण कुठली कुठं, मला काय ठाऊक?”

“मलाही आता आठवत नाही बुवा,” असं म्हणून महाराजांनी डोळे मिटले. इतकं धडधडीत खोटं बोलणारा साधू मी दुसरा पाहिलेला नाही.

धैर्यशील तणतणत निघाला. पोतं जड होतं, त्यामुळे बॅग तिथंच राहिली.

पोतं फरशीवरून फरफटत गेलेलं ऐकू आलं. मग अंगणातून एक चाचरता आवाज आला. “अहो... ऐका ना, ग्रंथालय कुठलं?”

मग दुसऱ्या दाराशी, जरा मोठ्यानं. मग शिडी कुणी धरायची यावरून वाद. मग एकदम हशा पिकला. स्वयंपाकघराची पाटी प्राचार्यांच्या दारावर लागली होती, आणि प्राचार्य बाहेर येऊन विचारत होते, “जेवायला किती जण?”

खाली घाटात एसटीनं हॉर्न दिला. कुणाचं लक्षच नव्हतं.

दिवेलागणीला धैर्यशील परतला. तोंड धुळीनं माखलेलं, हातात माठातल्या पाण्याचा तांब्या आणि मागं पोरापोरींचा घोळका.

“महाराज, हा तौफिक! माझ्याच खोलीत राहतो. मी याला नावसुद्धा विचारलं नव्हतं.”

“गाडी गेली तुझी.”

“जाऊ द्या हो!” त्यानं पोत्यातून एक पाटी काढली. “ही तेवढी उरली.”

पाटीवर लिहिलं होतं, ‘चौकशी’.

“ही खोली कुणालाच माहीत नाही, महाराज. दारोदार हिंडलो. एकूण एक माणसाला विचारलं.”

“एकूण एक?”

“अगदी माळीकाकांनासुद्धा!”

महाराजांनी पाटी घेतली, उपरण्यानं पुसली आणि पुन्हा पोत्यात टाकली.

“मग लागली की ती.”