सन्मतीच्या नावाचा खेळ

"मग आधीच पैसे भरून ठेवले, यात माझं चुकलं कुठं, महाराज?"

सुकुमार मगदूमनं विचारलं आणि मांडी बदलून बसला. उत्तर त्याच्याजवळ होतंच. कुणीतरी मान हलवायची तेवढी बाकी होती.

महाराजांनी मान हलवली नाही.

वारणाकाठच्या त्या गावात त्या वर्षी एका म्हाताऱ्या दिगंबर मुनींचा चातुर्मास होता. जैनांच्या मंदिराला तिकडं बस्ती म्हणतात. त्या बस्तीच्या ओवरीत महाराज बसलेले असायचे. जवळ मोरपिसांची पिंछी आणि एक कमंडलू, बाकी काही नाही. दुपार कलली की माणसं येऊन बसायची, मनातलं विचारायची. कुणी गुडघ्याचं विचारी, कुणी सुनेचं. सुकुमारसारखं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पैसे कशाचे?" महाराज म्हणाले.

"गेमचे. कॉम्प्युटरवरच्या खेळाचे. नवा भाग येतोय."

"बघितलास?"

"अजून आलाच नाही, महाराज. उद्या रात्री येणार. आधीची तारीख पुढं गेली, तिच्यापुढची पण गेली. आता उद्या नक्की."

"न बघितलेल्या वस्तूचे पैसे..."

"प्री-ऑर्डर म्हणतात त्याला."

खांबाला टेकून पद्माक्का जपमाळ ओढत होत्या. सुकुमारच्या शेजारघरच्या. माळ थांबली.

"आमी म्हशीचं दूध काढून बघितल्याबगर दावं हातात घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्येनं म्हस जन्मायच्या आदीच पैसं दिलं."

लोक हसले. सुकुमारचे कान लाल झाले. हुशार गडी तो. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा, आणि गावात आपल्याइतकं कळणारं कुणी नाही, हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

"तसं ऑफिसातले पण म्हणतात," तो म्हणाला. "थोडे दिवस थांब, म्हणतात. खोट असली तर कळेल, भाव पण उतरेल. आधी पैसे भरणारा खुळा, म्हणतात. मला हे कळत नाही होय? पण थोड्या दिवसांनी त्यात राहतं काय? तोवर सगळ्या वाटा सगळ्यांना माहीत झालेल्या असतात. कुठला दरवाजा कसा उघडायचा, ते न विचारता सांगणारे ढीगभर. पहिल्या रात्री तसं नसतं, महाराज. पहिल्या रात्री जगात कुणालाच काही माहीत नसतं. अंधारात शिरायचं, वाट चुकायची, हसायचं, परत फिरायचं. दोघांनी मिळून चुकायचं. त्याची किंमत वेगळी."

महाराज ऐकत होते.

"दोघं कोण?"

"मी आणि सन्मती."

...

सन्मती म्हणजे सुकुमारचा बालमित्र, पाटलांचा. शाळेपासून दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून हाच खेळ खेळत आले. पुढं सन्मती कॅनडाला गेला, तरी नवा भाग आला की पहिली रात्र ठरलेली. हा इथं जागायचा, तो तिकडं कामावर दांडी मारायचा, कानाला यंत्र लावून एकमेकांना शिव्या देत खेळायचे. पलीकडच्या खोलीतून सुकुमारची आई ओरडायची, "सन्मत्या, झोपू दे की रे माझ्या पोराला." आणि सन्मती सातासमुद्रापलीकडून म्हणायचा, "काकू, तुम्हीच या खेळायला."

आई मागच्या वर्षी गेली. सन्मतीचं लग्न झालं, लेकरू झालं. बोलणं कमी झालं, मग अंगठ्याचं चित्र धाडण्यापुरतं राहिलं, मग तेही थांबलं. भांडण झालं असतं तर बरं. भांडण नव्हतं.

"त्याचे पैसे कुणी भरले?" महाराजांनी विचारलं.

"मीच. दोघांचे."

"त्यानं सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दर वेळी खेळतोच की."

"मागच्या वेळी?"

सुकुमारनं फरशीवरची एक रेघ नखानं खरवडली. मागच्या वेळी तो पहाटेपर्यंत एकटाच बसला होता. सन्मती आलाच नव्हता; पडद्यावर त्याच्या नावापुढचा दिवा लागला नव्हता.

महाराजांनी पुढं विचारलं नाही. ते न विचारणंच सुकुमारला झोंबलं. बोलणं दुसरीकडं वळवायला म्हणून तो एकदम म्हणाला,

"महाराज, उद्या आमच्याकडं आहाराला या. आई गेल्यापासून आमच्या घरी मुनींचा आहार झाला नाही. मी सगळं तयार ठेवतो. नक्की किती वाजता येणार ते तेवढं सांगा."

ओवरीभर खसखस पिकली.

"आरं, महाराजांची पण प्री-ऑर्डर करतोस व्हय?" पद्माक्का म्हणाल्या.

मुनींना कुणी आमंत्रण देत नाही. तशी रीतच नाही. दिवसातून एकदाच ते आहाराला निघतात. जेवण आणि पाणी, दोन्ही त्या एका वेळीच. निघताना मनात काहीतरी खूण धरतात आणि ती कुणाला सांगत नाहीत. कुणाच्या हातात आंबा दिसला तर थांबीन, नाहीतर दारात गाय दिसली तर थांबीन, असं काहीही. ज्याला आहार द्यायचा आहे, त्यानं अंघोळ करून, शुद्ध स्वयंपाक करून, कलश घेऊन आपल्या दारात उभं राहायचं. महाराज येताना दिसले की हाक मारायची, "नमोस्तु महाराज, नमोस्तु, थांबा, इथं थांबा, आहारपाणी शुद्ध आहे." खूण पटली तर थांबतील. नाही तर पुढं जातील. सगळ्याच दारांवरून पुढं गेले तर त्यांचा उपवास.

"वेळ सांगितली तर बरं पडेल," सुकुमार पुटपुटला. "माणसाला काही ठरवता येतं."

महाराज हसले. दात थोडेच राहिले होते.

"ठरव की," ते म्हणाले.

*

सकाळी सुकुमारच्या घरी बऱ्याच दिवसांनी चूल पेटली. पद्माक्का स्वतःच्या घरचं सुनांवर टाकून मदतीला आल्या. विहिरीचं पाणी गाळून उकळलं, भात, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, भाकरी, दूध. सुकुमार अंघोळ करून धोतर नेसला. त्याला ते नीट नेसता येईना, तर पद्माक्कांनी भिंतीकडं तोंड करून तोंडी शिकवलं.

"आन् हाक जोरात मार," त्या चुलीपासून म्हणाल्या. "तुझ्या आईची हाक पार वेशीपतूर जायाची."

जायची खरी. ती हाक मारायची आणि सुकुमार तिच्या मागं नारळ धरून उभा असायचा. त्याला कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं.

आईचाच तांब्याचा कलश घेऊन तो दारात उभा राहिला. गल्लीत दोन्ही बाजूंना दारोदार माणसं उभी. नवरा-बायको, सासू-सुना, भाऊ-भाऊ. एकाच दारात चारचार जण. त्याच्या दारात तो.

महाराज गल्लीच्या तोंडाला दिसले. उजवा हात दुमडून खांद्याला टेकवलेला. आहाराला निघालेल्या मुनींची ती मुद्रा. हाका सुरू झाल्या. "नमोस्तु महाराज, थांबा, थांबा..." एकात एक मिसळलेल्या. महाराज एका दारावरून पुढं गेले. दुसऱ्यावरून गेले. म्हाताऱ्या रावसाहेबांनी काकुळतीला येऊन हाक मारली, त्यांच्याही दारावरून गेले.

आणि सुकुमारच्या दारासमोर थांबले.

रात्री त्यानं आरशापुढं शब्द म्हणून बघितले होते. आता जीभ टाळूला चिकटली. समोरच्या कट्ट्यावर बरोबरीची पोरं बसलेली. त्यांच्यादेखत असं ओरडायचं... आणि ओरडून महाराज निघून गेले तर? सगळ्या गल्लीदेखत?

दिसतंय की सगळं, त्याच्या मनात आलं. कलश आहे, नारळ आहे, आत दूध तापलंय. मी उभा आहे. एवढं समोर दिसत असताना आणि सांगायचं काय?

महाराज थांबले होते. नजर उंबऱ्यावर.

गल्लीतल्या हाका बंद पडल्या. सगळ्यांचे डोळे सुकुमारच्या तोंडाकडं.

...

महाराज पुढं निघाले. पुढं दोनच दारं राहिली होती. तिथल्या लोकांनी हाक मारली, महाराज थांबले नाहीत. गल्ली संपली. ते बस्तीकडं वळले.

पद्माक्का पिठाच्या हातानं बाहेर आल्या तेव्हा गल्लीच्या वळणावर मोरपिसं तेवढी दिसली.

"तोंडात काय बोळा कोंबला हुतास?" त्या म्हणाल्या. "आता म्हाताऱ्याला उद्या सकाळपतूर पाण्याचा थेंब न्हाई. तुझी आई असती तर..."

पुढचं त्यांनी गिळलं. पोराचं तोंड बघवेना. मग कलश त्याच्या हातातून काढून घेत त्या हळू म्हणाल्या,

"दारात एकटं माणूस दिसलं तर थांबायचं, आसंच कायतरी धरलं आसंल मनात. न्हाईतर ह्या दारात निराळं हाय काय?"

अन्न टाकायचं नसतं म्हणून त्यांनी त्याला समोर बसून जेवायला लावलं. एकेक घास त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवला. दर घोटाला त्याला महाराजांचे वाळलेले ओठ दिसत होते.

*

दुपारी ओवरीत कुणी नव्हतं. महाराजांचा उपवास म्हणून लोकांनी त्यांना विसावा दिला होता. सुकुमार गेला आणि लांबच बसला. खांबावरचं पारवं उडून गेलं, परत आलं.

"सगळं तयार होतं, महाराज," शेवटी तो म्हणाला.

"दिसलं."

"दूधसुद्धा तापलं होतं."

"वास आला."

"मग आत का नाही आलात?"

महाराजांचा आवाज कोरडा पडला होता. थांबून थांबून येत होता.

"या म्हणालं कुणी?"

सुकुमारनं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर दिसलं असतं.

"शब्द ओठांवर होते. पण हाक मारली आणि तुम्ही निघून गेलात, तर... न मारता गेलात तर निदान असं तरी म्हणता येतं, की..."

काय म्हणता येतं, ते त्याला सांगता येईना.

महाराजांनी दुसरंच विचारलं.

"खेळ आज येतोय?"

"रात्री."

"सन्मतीला माहीत आहे?"

"त्याच्या नावाचे पैसे भरलेत, महाराज. त्याच्या खात्यावर आपोआप जाऊन पडणार. उघडलं की समोरच दिसेल त्याला."

"ते मी विचारलं नाही."

...

एक मुंगळा फरशीवरून महाराजांच्या आसनाकडं येत होता. त्यांनी पिंछीनं त्याला हलकेच बाजूला केलं. मग तीच पिंछी आपल्या शेजारच्या फरशीवरून फिरवली, एका माणसापुरती जागा झाडली.

"इथं बस," ते म्हणाले.

सुकुमार उठून जवळ बसला. खिशातून फोन काढला. सन्मतीचं नाव शोधायला यादीत फार खाली जावं लागलं. नाव सापडलं. नावाशेजारी जुना फोटो, दोघांचा, एका खुर्चीवर अर्धे अर्धे. कॅनडात आता पहाट असेल. लेकरू उठलं असेल.

बोट काचेवर आलं आणि तिथंच अधांतरी राहिलं.

ऊन ओवरीच्या पायरीवरून खाली उतरत होतं. दिवस मावळला की महाराजांचं मौन, ते गावाला माहीत होतं. सुकुमारलाही माहीत होतं.

"महाराज," तो म्हणाला, "तो नाही म्हणाला तर?"

महाराजांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मग तुझाही उपवास. मला सोबत होईल."