डिकीतली स्टेपनी

विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे बडे साहेब कारखानीस चाळीसगावात आले, कारण तिथे लोक गाडी निरखून बघत, पण घेत कोणीच नसे. जमलेल्यांची अक्कल काढत ते म्हणाले, "दिवसाला तुम्ही फिरता तीस किलोमीटर, गाडी एका चार्जिंगमध्ये चालते अडीचशे. तरी वाटेत चार्जिंग संपायची भीती?"

दातांच्या डॉक्टर यास्मिन मुजावर यांनी कुतूहलानं विचारलं, "साहेब, तुमच्या गाडीतली स्टेपनी कधी लागली?"

"सहा वर्षांत एकदाही नाही."

"मग ती इथंच ठेवा आणि कन्नडचा घाट चढा."

साहेबांनी डिकी उघडली, स्टेपनीला हात लावला आणि ती तशीच ठेवून डिकी बंद केली.

महिन्याभरात घाटाच्या पायथ्याशी चार्जिंगची सोय झाली. तिथं चार्जिंगला कुणी फिरकत नाही, आजही कुत्री निवांत झोपतात. विजेच्या गाड्या मात्र गावात गल्लोगल्ली दिसतात.